शेजारणीच्या बंदुकीतलं तेल

अप्पा, तुम्हाला लिहायचं कारण एक बंदूक आहे. आठवण आली, डोळे भरले, असलं काही मनात आणू नका. तुम्ही गेलात तेव्हाही मी फार रडले नव्हते. चुलीवर भात होता आणि घरात माणसं मावत नव्हती. त्यानंतर तुम्हाला कळवावं असं माझ्या हातून काही घडलंही नाही. लेकाकडे येऊन राहिले आहे, अमेरिकेत, चँडलर म्हणून गाव आहे वाळवंटातलं. इथला पाऊस उंबऱ्यावरूनच परत जातो. आपल्याकडे श्रावणात कुलपांनासुद्धा बुरशी यायची, इथे परसात टाकलेली लोखंडी खुर्ची वर्षभर तशीच कोरडी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गंज नाही तर मग आमचं तिथे काम काय? काम आहे. घराघरात बंदुका आहेत. त्यातली एक आमच्या भिंतीपलीकडे आहे आणि तिच्यापायी मी हे लिहायला बसले आहे. अक्षर वाईट आहे. चौथीतून मला काढलंत तेव्हा जसं होतं तसंच राहिलं, ते तुम्हीच वाचून घ्या.

शेजारीण माझ्याच वयाची आहे. शाळेची बस चालवायची, आता घरी असते, नवरा मागेच गेला. सकाळी ऊन चढायच्या आत गॅरेजचं दार वर करते आणि आत खुर्ची टाकून बसते. मी फिरायला निघाले की हात हलवून म्हणते, "गुड मॉर्निंग, आई." घरात सगळी मला आई म्हणतात म्हणून तिला ते माझं नाव वाटलं. सुनेने समजावलं, तरी तिने बदललं नाही आणि मीही सोडून दिलं. तिच्याकडे बसायला लागले ते तिच्यावर जीव जडला म्हणून नाही. त्या गॅरेजात तुमच्या पडवीचा वास येतो म्हणून. लोखंड, तेल आणि नळीत जळालेल्या दारूचा तो आंबूस वास. पहिल्या दिवशी दारातून जाता जाताच नाकाने ओळखला आणि पाय आपोआप वळले. तिचं इंग्रजी मला चाराण्याचं कळतं, माझं तिला तेवढंही नाही. दोन म्हाताऱ्या बसून लोखंडाकडे बघतात, त्याला भाषा किती लागते.

भिंतीवर तिच्या बापाचा फोटो आहे. टोपी घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला माणूस, आणि त्याच्यासमोर ही, अकरा-बारा वर्षांची, हातात तिच्याएवढी रायफल. बापाचा हात खांद्यावर. तीच रायफल अजून तिच्याकडे आहे. हिला दोन भाऊ आहेत, अप्पा. दोघेही शिकार करणारे, धडधाकट. तरी बापाने मरताना ती हिला दिली. हे मला सुनेने सांगितलं, मागे एका शनिवारी आम्ही तिघी बसलो होतो तेव्हा. सून म्हणाली, "किती गोड ना, आई?" मी म्हटलं, हो, गोड आहे. आणि आतून जळले. या वयात गुडघे दुखतात, दात दुखतात, पण पोटात एवढं काही दुखलं नव्हतं.

कारण त्या वयात मीही होते पडवीत. तुम्हाला आठवतं का कोण जाणे. लोखंड आवळून धरायच्या शेगड्यापाशी तुम्ही, तुमच्या बाजूला पाटावर दादा, आणि मी उंबऱ्यात, पोत्यावर. डुकरं हाकायला ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका होत्या ते आसपासच्या वाड्यांवरचे सगळे दुरुस्तीला तुमच्याकडे यायचे. मला काम दिलेलं होतं उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या राखेने घासायचं, कारण पितळ मोडीत जायचं. तुम्ही दादाला शिकवत होतात. बंदूक अडली म्हणून उगाच खोलत सुटू नये, आधी विचारावं, कुठे अडली? काडतूस भरताना, उडताना, की पुंगळी निघताना? मग पुंगळी हातात घ्यावी, ती सांगते. दादा मान हलवायचा आणि बाहेर पोरं विटीदांडू खेळत त्यांच्याकडे बघायचा. पुंगळ्या माझ्या हातात होत्या. मला त्या सांगत होत्या, तुम्ही विचारत नव्हतात.

तुमच्या हत्यारांना मला हात लावायची मुभा वर्षातून एक दिवस. खंडेनवमीला. त्या दिवशी कानशी, पेचकस, हातोड्या सगळं मी धुवायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. म्हणजे ज्या दिवशी हातात आली त्या दिवशी ती देव झालेली असायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दादाची. मला लहानपणी वाटायचं हा योगायोग आहे.

दसऱ्यानंतरचा आठवडा तुमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा, हेही मी उंबऱ्यातून शिकले. गावोगाव लोक बंदुकीची पूजा करायचे आणि हौसेने तेल घालायचे. खोबरेल, तिळाचं, जे देव्हाऱ्यात असेल ते, आतपर्यंत. चार दिवसांत ते चिकट व्हायचं, कुंकू आणि धूळ त्यात बसायची, आणि बंदुका अडायच्या. तुम्ही गिऱ्हाइकाला तेच तेच सांगायचात, देवाचं तेल वरून, कामाचं तेल आतून, आणि तेही पुसून. तरी पुढच्या वर्षी तीच माणसं, तीच तक्रार. एका वर्षी खालच्या वाडीतले सुभेदार आले, निवृत्त होऊन आलेले. त्यांची बंदूक विलायती, एक बार झाला की स्वतःच पुंगळी फेकून दुसरं काडतूस भरणारी. गावात तशी एकच. ती अडत होती. तुम्ही आणि दादा दिवसभर तिच्याशी झटलात. स्प्रिंग बदलायची असं ठरत होतं. मी पोत्यावर त्यांच्या पुंगळ्या घेऊन बसले होते आणि एकीला खवट खोबरेलाचा वास येत होता. मी म्हटलं, "अप्पा, सुभेदारीणकाकूंनी नळीच्या घरात तेल घातलंय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पुंगळी हुंगलीत. रॉकेलचा बोळा घालून नळीचं घर, काडतूस बसतं ती जागा, पुसलंत आणि बंदूक चालू लागली. संध्याकाळी सुभेदार आले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "थोरल्याने पकडलं. नाक आहे पोराला." मला म्हणालात, "चहा ठेव." मी ठेवला. साखर घातली नाही, पण ते तुमच्या लक्षात आलं नाही, सुभेदारांनी गुपचूप पिऊन टाकला.

दादाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्याला कधीच रस नव्हता, तो मुंबईला कचेरीत चिकटला आणि तुमचा शेगडा भंगारवाल्याने नेला. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला एक फुंकणी करून दिलीत, रायफलच्या जुन्या नळीचा तुकडा, टोकाला पितळी कडं. सासरी सगळ्यांनी कौतुक केलं. मी त्या फुंकणीने पंचवीस-तीस वर्षं चूल फुंकली. दादाला शेगडा, मला फुंकणी. ती मी इथेसुद्धा आणली, लुगड्यात गुंडाळून, इथे चूल नसताना. एकदा शेजारणीला दाखवली. आत गोल फिरत गेलेल्या रेघा असतात त्या तिने उजेडाकडे धरून बघितल्या. मी वाट बघत होते. का बघत होते ते विचारू नका. तिने सुनेला काहीतरी सांगितलं आणि सून जरा चाचरत म्हणाली, "आई, ती म्हणते नळी पार घासून संपलेली आहे. म्हणजे, बंदुकीला चालण्यासारखी राहिली नव्हती." मला ते माहीतच होतं. तुम्ही चांगली नळी फुंकणीला कशाला घालवाल?

आता मूळ गोष्ट. इथे मोठ्या हरणाची शिकार करायची तर परवान्याची सोडत निघते. एल्क म्हणतात त्याला, आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. शेजारीण किती वर्षं अर्ज करत होती आणि तिचं नाव निघत नव्हतं. या उन्हाळ्यात निघालं. तिची नजर आता कमी होत चालली आहे, हातही थकले आहेत, पुन्हा नाव निघेल तेव्हा ती डोंगर चढू शकेल असं नाही. तिला जायचं होतं बापाच्या रायफलने. ती नेमबाजीच्या मैदानावर जाऊन चालवून बघून आली आणि तोंड पाडून बसली. बंदूक अडत होती. बार होतो, पुंगळी आतच राहते, आणि मग ठोकून काढावी लागते. बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे नेली. तो म्हणाला, जुनी आहे, आतला दट्ट्या ज्यांवरून सरकतो त्या पट्ट्या झिजल्या आहेत, पुंगळी ओढून काढणारी नखीही गेली असेल, भाग मिळत नाहीत, भिंतीवर टांगा आणि दुसरी घ्या. बुधवारी सकाळी तिने हे मला हातवारे करून सांगितलं. भिंत दाखवली, खिळा ठोकल्यासारखं केलं. मग बशीत ठेवलेल्या पुंगळ्या माझ्यापुढे सरकवल्या. दाखवायला म्हणून, दुसऱ्या कुठल्या आशेने नव्हे.

मी एक उचलली. अप्पा, पुंगळीच्या बुडाची कड चावल्यासारखी तुटली होती. नखी झिजली असती तर ती घसरली असती, चावली नसती. तिने घट्ट धरलं होतं, ओढलं होतं, आणि पुंगळी आत इतकी चिकटली होती की कडेचा तुकडा हातात आला पण ती आली नाही. मग अंगावर बघितलं. तपकिरी, चकचकीत डाग, कढईच्या कानांपाशी तेल जळून बसतं तसा. नखाने खरवडला, तर निघाला. हुंगला. तेलच. आणि मला लगेच कळलं, कारण मी बघितलेलं होतं. दर वर्षी बापाच्या वाढदिवसाला ही बाई रायफल बाहेर काढते, फोटोखाली टेबलावर ठेवते, तेल घालते, आत, बाहेर, सगळीकडे, मायेने, आणि न उडवता, न पुसता परत ठेवून देते. खंडेनवमी करते ती. तिला माहीत नाही एवढंच. आणि या कोरड्या हवेत ते तेल दर वर्षी एक थर होऊन बसलं आहे.

मला सगळं कळलं आणि मी पुंगळी बशीत ठेवली. तिच्या खांद्यावर थोपटलं, "सॅड" म्हटलं, एवढा शब्द मला येतो, आणि घरी आले. असू दे म्हटलं. एक बाप भिंतीवर आहे, आता त्याची बंदूकही भिंतीवर जाऊ दे. हिला तो फोटो आहे, खांद्यावरचा हात आहे, वर बंदूक चालायलाही हवी का? मी भाजी चिरली, पोळ्या केल्या, जेवले, झोपले. झोप छान लागली. गुरुवारीही तशीच. शुक्रवारी तिने गॅरेजचं दार उघडलं नाही, तर मी त्या घरासमोरून दोनदा गेले. काळजीने नव्हे. खिळा ठोकल्याचा आवाज येतो का बघत होते.

शनिवारी तिने आम्हाला बोलावलं. सून चिप बनवायच्या कारखान्यात आहे, नागपूरची. पांढरा झगा घालून काम करतात, धुळीचा कण चालत नाही, आणि हिचं काम बिघडलेली चिप का बिघडली ते शोधायचं. तिच्या बापाने शेत विकून तिला शिकवलं. दर रविवारी फोनवर त्याचं तोंड दिसतं, "बेटा, जेवलीस का?" मी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी जरा मोठ्याने लावते. तर सून तिथे गेली, पुंगळी उचलली, मोबाइलचा उजेड पाडला आणि डोळे बारीक करून म्हणाली, "आई, यावर थर आहे कसला तरी. हे झिजण्याचं वाटत नाही मला. कन्टॅमिनेशन वाटतं." तो शब्द मी रोज जेवताना ऐकते, मला अर्थ माहीत आहे. ती शेजारणीकडे वळली, तोंड उघडलं. मी तिचं मनगट धरलं.

"थांब. मी सांगते."

"तुम्हाला माहीत आहे?"

"बुधवारपासून."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू आता बोलणार होतीस म्हणून बोलते आहे."

सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला काय कळलं आणि काय नाही, मी विचारलेलं नाही. म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही बोला, मी शब्दाला शब्द सांगते." मग मी बोलले. नखी का चांगली आहे ते, कड का तुटली ते, तेल कसं आणि कुठे बसलं असणार ते. सून सांगत होती आणि मी तिचं इंग्रजी कान देऊन ऐकत होते. दर वाक्याच्या आधी "शी सेज". एकदाही तिने "आय थिंक" म्हटलं नाही. तसा मी तिचा राग राग करते, पण त्या दिवशी रात्री तिच्या पानात मी तुपाची धार जरा जास्त सोडली.

शेजारणीने रायफलवर हात ठेवला. म्हणाली, म्हणजे मीच बिघडवली. सुनेने माझ्याकडे बघितलं, काय सांगू म्हणून. खोटं कशाला बोलू अप्पा, त्या वेळी ऐकायला गोड वाटलं. मग तिचे हात दिसले, म्हातारे, शिरा वर आलेले, माझ्यासारखेच. मी म्हटलं, "सांग तिला, आमच्याकडे सगळं गाव हेच करायचं. वर्षाच्या वर्षाला. आणि माझ्या बापाचं पोट त्याच्यावर चालायचं." शेजारणीने ऐकलं आणि विचारलं, "सगळं गाव?" मी मान हलवली. ती हसायला लागली, आणि हसताना नाक पुसलं.

मग तिने रायफल रिकामी आहे हे दोनदा बघितलं, मला दाखवलं, आणि खोलली. तारेचा ब्रश तेल काढायच्या औषधात बुडवला आणि माझ्या हातात दिला. सहज. शेजारणीने लाटणं द्यावं तसा. मी नळीच्या घरात तो फिरवला आणि काळं-तपकिरी असं निघालं की सूनसुद्धा "ई" म्हणाली. बार झाला की थोडा धूर एका बारीक छिद्रातून मागे येतो आणि त्याच्या जोरावर बंदूक पुढचं काडतूस भरते, ते छिद्रही अर्धं बुजलं होतं. कापडाचे बोळे पांढरे निघेपर्यंत आम्ही पुसत राहिलो. आतल्या पट्ट्या मी बघितल्या. त्या दुरुस्तीवाल्याचं खोटं नव्हतं, खाचा पडल्या होत्या. मी सुनेला म्हटलं, तेही सांग. ही झीज खरी आहे, भरून येत नाही, आणि बंदूक फार वर्षं चालणार नाही. पण मैदानावर अडली ती या झिजेमुळे नाही.

मैदानावर तिघी गेलो. कानांवर टोप्या घालून मी मागे बाकावर. पहिल्या गोळ्या गेल्या, पुंगळ्या टपाटप बाजूला पडल्या, कडा शाबूत. आणि शेवटची अडली. शेजारणीचं तोंड पडलं आणि माझंही. पण ही निघताना अडली नव्हती, भरताना अडली होती. म्हणजे दुखणं दुसरं. काडतुसांच्या पेटीची स्प्रिंग थकली आहे, भरगच्च भरली की शेवटची वर ढकलत नाही. हे मी सुनेला सांगितलं तेव्हा छातीठोक सांगितलं नाही, वाटतं म्हणून सांगितलं. शेजारीण म्हणाली, काही बिघडत नाही, मी दोनच भरीन. डॅड म्हणायचे, तिसरी लागत असेल तर पहिली उडवायलाच नको होती. बघा, तिच्याकडे बापाचं वाक्य प्रत्येक गोष्टीला आहे. शिकारीला आहे, पावसाला आहे, नवऱ्याशी भांडायलाही असेल. मी मनात शोधलं, माझ्याकडे काय आहे म्हणून. चहा ठेव.

सून सामान ठेवायला गाडीकडे गेली. शेजारीण बाकावर माझ्याशेजारी बसली, पुंगळ्या माझ्या ओच्यात टाकल्या आणि विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? एवढं इंग्रजी मला कळतं. आणि मी म्हटलं, "माय फादर." तिने मान हलवली, जणू ते तर असणारच. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गुड फादर." मी "येस" म्हटलं.

ती परवा गेली डोंगरात, रायफल घेऊन. अजून आलेली नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला पत्ता नाही, तेव्हा फुंकणीभोवती गुंडाळून ठेवते, तिचा इथे दुसरा काही उपयोगही नाही. तुम्ही मला काही शिकवलं नाहीत, अप्पा. तुम्ही दादाला शिकवत होतात आणि मी चोरलं. पण तिच्या बापापुढे माझा बाप कमी पडू द्यायचा नव्हता मला, एवढंच त्यात होतं. घरी येताना गाडीत सुनेनेही तेच विचारलं आणि तिलाही मी तेच सांगितलं, वर जोडलं, की ते मला शेगड्यापाशी शेजारी बसवायचे. आता तिसऱ्या कोणीतरी विचारावं म्हणून मी वाट बघते आहे.